रिकाम्या दिवसाची मजुरी

अर्नेस्ट बेव्हिन यांचे चरित्र सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात विन्सफर्ड नावाच्या खेड्यात १८८१ मध्ये एक मुलगा जन्मतो. बापाचे नाव कुणाला ठाऊक नसते, आठव्या वर्षी आई जाते, अकराव्या वर्षी शाळा सुटते आणि पोर शेतावर राबायला लागते. हाच मुलगा पुढे ब्रिटनमधली सर्वांत मोठी कामगार संघटना उभी करतो, चर्चिल यांच्या युद्धकालीन मंत्रिमंडळात मजूरमंत्री होतो आणि १९४५ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून पॉट्सडॅमला ट्रुमन आणि स्टालिन यांच्यासमोर बसतो. यात खोटे काहीच नाही. तरी या सांगण्यात कामगार चळवळीतली तीस वर्षे म्हणजे मंत्रिपदाची नुसती पूर्वतयारी ठरते आणि चरित्राचा गाभाच निसटतो. बेव्हिन यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला, असे माझे मत आहे. ज्या दिवशी मजुराला काम मिळत नाही, त्या दिवसाची किंमत कोणी मोजायची? मजुराने आणि त्याच्या बायकामुलांनी, सरकारी मदतनिधीने, की ज्या धंद्याला तो मजूर सदैव हाताशी हवा असतो त्या धंद्याने? चौकशी न्यायालयापुढची भाषणे, संघटनांचे विलीनीकरण, संपातली माघार, युद्धकाळातले सक्तीचे हुकूम, हे सगळे या प्रश्नाभोवती मांडून पाहिले की त्यात संगती दिसते. त्यांच्या दोषांचा उगमही तिथेच सापडतो.

हा प्रश्न सर्वांत उघडा पडला होता तो गोदीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल या बंदरांत माल चढवणारे-उतरवणारे बहुसंख्य मजूर कायम नोकरीत नव्हते. सकाळी आणि पुन्हा दुपारी ते फाटकाशी गोळा होत. मुकादम बाहेर येई, हवी तेवढी माणसे निवडी आणि उरलेले हात हलवत परत जात. निवड झालेल्यालाही पुऱ्या दिवसाची खात्री नसे. जहाज लवकर रिकामे झाले की रोज तिथेच तुटे. मुकादमाची मर्जी राखण्यासाठी त्याला दारू पाजावी लागे, हात ओले करावे लागत. गोदीमालकांचे यावर एकच उत्तर असे: जहाजे भरती-ओहोटीवर, वाऱ्यावर आणि हंगामावर येतात, तेव्हा कामात चढउतार राहणारच. हे अर्धेच खरे होते. वाफेची जहाजे आल्यावर वाऱ्याचा संबंध फारसा उरला नव्हता. चढउताराचा भार मजुरावर राहिला याचे खरे कारण असे की प्रत्येक बंदरात अनेक वेगवेगळे मालक होते आणि प्रत्येकाला आपल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाला पुरतील इतकी माणसे फाटकाशी उभी हवी होती. ती उभी ठेवायला त्यांना एक पेनीही खर्च येत नव्हता. १८८९ च्या लंडन गोदी संपात बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स यांच्या नेतृत्वाखाली मजुरांनी ताशी सहा पेन्सचा दर मिळवला, आणि इतिहासात तो संप त्या सहा पेन्सच्या नाण्यामुळेच ओळखला जातो. पण त्याच संपात दुसरी मागणी होती: एकदा कामावर घेतले की किमान चार तासांची मजुरी मिळालीच पाहिजे. रिकाम्या वेळेची जबाबदारी मालकावर टाकण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता, आणि पुढच्या काळाच्या दृष्टीने मला तो सहा पेन्सपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

बेव्हिन या जगात उशिरा आणि आडवाटेने आले. तेराव्या वर्षी ते ब्रिस्टलला गेले. हॉटेलच्या भटारखान्यातला पोऱ्या, गाडीवरचा पोऱ्या, ट्रामचा कंडक्टर असे करत शेवटी सोडा-लेमनच्या बाटल्या पोहोचवणाऱ्या घोडागाडीवर गाडीवान झाले. वर्षे जात होती आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मधले रिकामे दिवस काय असतात हे अंगावर उमटत होते. शिक्षण झाले ते बॅप्टिस्ट चर्चमध्ये, प्रौढांच्या वर्गांत आणि समाजवादी मंडळाच्या सभांत. प्रवचने देता देता आवाज आणि मांडणी कमावली गेली. त्यांचे पहिले सार्वजनिक काम पगारवाढीचे नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०८ च्या मंदीत ब्रिस्टलमध्ये बेकारांना काम मिळावे म्हणून जी समिती स्थापन झाली तिचे ते चिटणीस होते. त्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी त्यांनी शेकडो बेकारांना शांतपणे शहराच्या कॅथीड्रलमध्ये, प्रतिष्ठितांच्या प्रार्थनेच्या वेळी, नेऊन उभे केले. घोषणा नाही, दंगा नाही. नगरपालिकेला हालचाल करावी लागली आणि ईस्टविल पार्कमधले तळे बेकारांकडून खोदून घेण्याचे काम निघाले. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, एव्हनमथच्या गोदीत संप झाला तेव्हा गाडीवानांना संपकऱ्यांविरुद्ध वापरण्याचा घाट घातला गेला. बेव्हिन यांनी गाडीवानांची शाखा काढली, ती गोदी कामगारांच्याच संघटनेला जोडली, आणि पुढच्या वर्षी ते संघटनेचे पगारी कार्यकर्ते झाले. बेकारांपासून सुरुवात करून कामगारांपर्यंत आलेला नेता, हा क्रम त्यांच्या विचाराला कायमचा आकार देऊन गेला.

त्या विचाराची सर्वांत झळझळीत मांडणी १९२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनला झाली. गोदी कामगारांनी देशभर एकच दर, दिवसाला सोळा शिलिंग आणि आठवड्याला ४४ तास, अशी मागणी केली होती. संप करण्याऐवजी बेव्हिन यांनी नव्या कायद्याखालचे चौकशी न्यायालय स्वीकारले. लॉर्ड शॉ हे अध्यक्ष, मालकांच्या बाजूने सर लिंडन मॅकॅसी हे नामांकित बॅरिस्टर, आणि मजुरांच्या बाजूने अकराव्या वर्षी शाळा सोडलेला हा गाडीवान. पहिले भाषण अनेक दिवस चालले, सगळे मिळून अकरा तासांचे. त्यात युद्धकाळातले जहाज कंपन्यांचे नफे होते, गोदीतल्या अपघातांचे आणि अंगमेहनतीचे वर्णन होते, मजुराच्या घरखर्चाचा हिशेब होता. मालकांनी आर्थर बाउली या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांची साक्ष काढली. पाच जणांच्या कुटुंबाला आठवड्याला चार पौंडांहून कमी रकमेत भागवता येईल असे त्यांच्या आकड्यांतून निघत होते. उलटतपासणीत हे आकडे खोडून काढण्याच्या फंदात बेव्हिन पडले नाहीत. ते आणि त्यांच्या चिटणीस बाई पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या बाजारात गेले, प्राध्यापकांच्या हिशेबात बसेल तेवढेच मटण, भाजी, पाव, मासळी विकत घेतली, शिजवली, आणि ताटांत वाढून न्यायालयापुढे आणली. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला एवढे पुरेल का, हा प्रश्न मग साक्षीदाराला विचारला. वर्तमानपत्रांनी ती ताटे घरोघर पोहोचवली आणि बेव्हिन यांना 'गोदी कामगारांचे बॅरिस्टर' ही पदवी मिळाली.

ताटांची ही गोष्ट इतकी गाजली की निकालाचा दुसरा भाग तिच्यामागे झाकला गेला. न्यायालयाने सोळा शिलिंग मान्य केलेच, पण त्याबरोबर सांगितले की माणसांना अर्धबेकार ठेवून गरजेला बोलावण्याची पद्धत ही मजुरांना, बंदरांना आणि समाजालाही घातक आहे. तिच्यावर उपाय म्हणून गोदी कामगारांची नोंदणी व्हावी, आणि नोंदलेल्या मजुराला काम नसलेल्या दिवशी निर्वाहवेतन मिळावे, तेही त्या धंद्यातून, अशी शिफारस झाली. बेव्हिन यांना खरे हवे होते ते हे. मालकांनी दर मान्य केला आणि निर्वाहवेतनाची शिफारस बाजूला ठेवली. पुढे काय झाले? १९२० च्या अखेरीपासून मंदी आली आणि १९२३ पर्यंत सोळा शिलिंगांचे दहा शिलिंग झाले. १९२४ च्या संपात दोन शिलिंग परत मिळाले. अकरा तासांच्या भाषणाने कमावलेले तीन वर्षांत गेले, कारण फाटकाशी उभ्या असलेल्या जादा माणसांची रांग तशीच होती. बंदरांत नोंदणीच्या स्थानिक समित्या आल्या, पण नोंदणीपत्र असले म्हणजे रिकाम्या दिवसाचे पैसे मिळत असे नव्हे. ते पैसे बेकारी विम्यातून येऊ लागले. आठवड्यातून तीन दिवस काम आणि तीन दिवस बेकारी भत्ता अशी घडी अनेक बंदरांत बसली. चौथा दिवस काम मिळाले तर भत्ता बुडून मजूर उलट तोट्यात जाण्याची पाळी येई. म्हणजे गोदीमालकांनी आपल्या राखीव माणसांचा खर्च अखेर सार्वजनिक निधीवर टाकला. दर आणि नियमित काम यांतले अंतर बेव्हिन यांना यानंतर कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

यातून निघालेला निष्कर्ष होता संघटनेचा. १ जानेवारी १९२२ पासून चौदा संघटना एकत्र येऊन ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन सुरू झाली, सुमारे तीन लाख सभासदांची, आणि बेव्हिन तिचे सरचिटणीस झाले. तिची रचना त्यांच्याच डोक्यातून आली होती. गोदी, बस-ट्राम, मालवाहतूक, सर्वसाधारण मजूर असे धंदेवार विभाग. प्रत्येकाला आपल्या मागण्या ठरवण्याचा हक्क. पण तिजोरी एक, आणि संपाचा अखेरचा निर्णय मध्यवर्ती कार्यकारिणीकडे. या रचनेमागचे कारण साधे आहे. ज्याला आज काम आहे आणि उद्या नाही असा मजूर वर्गणीही धड भरू शकत नाही, त्याची एकट्याची संघटना मंदीच्या पहिल्या तडाख्यात मोडते. बसचालकांसारख्या नियमित पगारदारांची वर्गणी आणि गोदीसारख्या मोक्याच्या जागेची ताकद एकत्र बांधली तर दोघेही टिकतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सभासदसंख्या साडेसहा लाखांच्या घरात गेली. मंदीत कित्येक संघटना खंगल्या, पण ही टिकली.

इथे बेव्हिन यांच्यावरचा सर्वांत जुना आक्षेप येतो. त्यांनी संघटना नव्हे, साम्राज्य उभारले, विरोध सहन केला नाही, असे त्यांच्याच सभासदांतले डावे कार्यकर्ते म्हणत. आक्षेपाला पुरावे आहेत. टिलेट यांच्या नावावर संघटनांची पहिली फळी उभी राहिली होती. नव्या संघटनेच्या अध्यक्षपदापासून त्यांना दूर ठेवण्यात आले. १९२३ मध्ये लंडनच्या गोदीतला एक गट नाराज होऊन वेगळा झाला. १९३५ मध्ये ब्रायटनच्या मजूर पक्ष अधिवेशनात शांततावादी वृद्ध नेते जॉर्ज लॅन्सबरी यांच्यावर बेव्हिन ज्या कठोरपणे तुटून पडले, त्याचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनाही जड जाते. १९३७ च्या मे महिन्यात, राज्याभिषेकाच्या धामधुमीत, लंडनच्या बसकामगारांनी साडेसात तासांच्या दिवसासाठी संप केला. जवळजवळ चार आठवड्यांनी कार्यकारिणीने तो मागे घ्यायला लावला आणि बर्ट पॅपवर्थ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना संघटनेतून काढले. हे मी नाकारत नाही. हुकूमत गाजवण्याची त्यांना हौस होती, आणि मतभेद म्हणजे द्रोह अशी समजूत ते करून घेत. पण याच माणसाने १९२६ च्या सार्वत्रिक संपाची यंत्रणा नऊ दिवस चालवली होती. १२ मेला ट्रेड युनियन काँग्रेसचे पुढारी पंतप्रधान बाल्डविन यांच्याकडे संप मागे घेतल्याचे सांगायला गेले, तेव्हा संपावर गेलेल्या माणसांना कामावर परत घेण्याचे काय, असे तिथे रोखठोक विचारणारे बेव्हिनच होते. ठोस उत्तर मिळाले नाही, आणि हजारो माणसे पुढचे महिने फाटकाबाहेर राहिली. तयारी नसलेला संप हरला तर त्याचे रिकामे दिवस सर्वांत दुबळ्या सभासदाच्या वाट्याला येतात, हा धडा त्यांनी तिथे घेतला. १९३७ ची कठोरता त्यातून आली असे मला वाटते. तिचे समर्थन त्यामुळे पूर्ण होत नाही. बसकामगारांची मागणी रास्त होती, आणि त्यांच्या नेत्यांना हाकलण्याशिवायही संप थांबवता आला असता.

याच काळात त्यांचा प्रश्न गोदीच्या भिंतींबाहेर पसरला. १९२९ मध्ये सरकारने नेमलेल्या मॅक्मिलन समितीवर ते अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्याबरोबर सभासद होते. १९२५ मध्ये ब्रिटनने युद्धापूर्वीच्याच दराने पौंड पुन्हा सोन्याला बांधला होता. निर्यात महाग झाली, कोळशाची मागणी घटली, आणि खाणींपासून बंदरांपर्यंत माणसे बसून राहिली. चलनाचा दर हा बँकवाल्यांचा गूढ विषय नसून गोदीतल्या हजेरीशी जोडलेला विषय आहे, हे बेव्हिन यांनी ओळखले, आणि अवमूल्यनाची बाजू स्वतंत्र टिपणात मांडली. ज्यांच्या शिक्षणाची चेष्टा होत असे त्या माणसाने हे १९३१ च्या संकटाच्या आधी लिहून ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारला सुवर्णपरिमाण सोडावे लागले. पगारी सुट्टीचा लढाही याच साखळीतला. ट्रेड युनियन काँग्रेसने ही मागणी लावून धरली तेव्हा तिच्या पुढच्या फळीत बेव्हिन होते, आणि १९३८ मध्ये पगारी सुट्ट्यांचा कायदा झाला. काम न केलेल्या दिवसाचे पैसे मजुराला मानाने मिळू शकतात, भीक म्हणून नव्हे, हे तत्त्व पहिल्यांदा देशव्यापी झाले ते असे.

मे १९४० मध्ये चर्चिल यांनी त्यांना मजूरमंत्री केले, तेव्हा ते खासदारही नव्हते. काही दिवसांतच संसदेने सरकारला नागरिकांच्या देहावर आणि मालमत्तेवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिले, आणि मनुष्यबळापुरते ते बेव्हिन यांच्या हाती आले. मार्च १९४१ च्या 'अत्यावश्यक कामा'च्या हुकमाकडे बारकाईने पाहायला हवे, कारण त्यांचा सगळा विचार त्यात एकवटला आहे. ज्या कारखान्याला हा हुकूम लागू होई तिथला कामगार परवानगीशिवाय नोकरी सोडू शकत नसे. पण मालकही त्याला परवानगीशिवाय काढू शकत नसे, आणि कच्चा माल आला नाही, यंत्र बंद पडले, तरी ठरलेली किमान मजुरी त्याला द्यावी लागे. कामाच्या जागेची आणि मजुरीची स्थिती ठीक नसेल तर हुकूम लागूच होत नसे. गोदीत हेच तत्त्व आणखी पुढे गेले. बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनकडे येणारी जहाजे क्लाइड आणि मर्सी नद्यांच्या बंदरांकडे वळवावी लागली, तिथे माल तुंबला, आणि हजेरीची जुनी पद्धत युद्धाला परवडणार नाही हे सगळ्यांच्या लक्षात आले. १९४० मध्ये सक्तीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये आधी क्लाइड-मर्सीवर आणि मग राष्ट्रीय गोदी कामगार महामंडळामार्फत इतर बंदरांत नोंदलेल्या मजुराला हजेरी भत्ता मिळू लागला. माणूस वेळेवर हजर राहिला आणि काम निघाले नाही, तरी त्याला पैसे मिळत. मालकांवर त्यासाठी आकार बसवला. लॉर्ड शॉ यांच्या न्यायालयाने एकवीस वर्षांपूर्वी सुचवलेली गोष्ट प्रत्यक्षात आली.

याची किंमत स्वातंत्र्यात मोजावी लागली, आणि इथला आक्षेप हुकूमशाहीच्या जुन्या तक्रारीपेक्षा गंभीर आहे. जुलै १९४० च्या १३०५ क्रमांकाच्या हुकमाने संपावर बंदी आली होती. जानेवारी १९४२ मध्ये केंटमधल्या बेट्सहँगर कोळसा खाणीतल्या खाणकामगारांनी संप केला, तेव्हा तिघा नेत्यांना तुरुंगात टाकले आणि हजारभर माणसांना दंड ठोठावला. संप थांबला नाही. अखेर खाणखात्याच्या मंत्र्याला तुरुंगात जाऊन त्याच नेत्यांशी बोलणी करावी लागली. दंडही बहुतेकांनी भरलाच नाही. डिसेंबर १९४३ पासून तरुणांना चिठ्ठ्या टाकून सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत पाठवले जाऊ लागले. 'बेव्हिन बॉइज' म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलांच्या श्रमांना युद्धानंतर कित्येक वर्षे सैनिकांसारखा मान मिळाला नाही. १९४४ मध्ये संपाला चिथावणी देणाऱ्याला पाच वर्षांच्या कैदेची तरतूद झाली, आणि मजूर पक्षाचेच खासदार अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून संसदेत रान उठवले. संघटनेचा नेता सत्तेत गेला आणि संप हा गुन्हा ठरवू लागला, हा आरोप टाळता येण्यासारखा नाही. माझे उत्तर असे की बेट्सहँगरनेच दाखवले तसे हे हुकूम राबवणे अशक्य होते, आणि राबवण्यापुरते ते चूकच होते. १९४४ चा हुकूम तर अनावश्यक होता. पण त्यावरून अत्यावश्यक कामाचा हुकूम आणि गोदीची योजना यांनाही सक्तीच्या खात्यात टाकणे बरोबर नाही. तिथे बंधन दोघांवर होते. मालकाचा कामावरून काढण्याचा हक्क आणि मजुराचा सोडून जाण्याचा हक्क एकाच कागदावर बांधले गेले, आणि त्या बदल्यात रिकाम्या दिवसाचे पैसे मिळाले. कायम नोकरी ही दोन्ही बाजूंनी बांधिलकी असते, हे बेव्हिन मान्य करून चालले होते. ज्यांना ती बांधिलकी नको होती ते त्यांच्या नजरेतून सुटले, ही त्यांची मर्यादा.

आणि असे मजूर होते. १९१२ मध्ये लिव्हरपूलमध्ये नोंदणीचे बिल्ले आले तेव्हा त्याविरुद्ध मजुरांतूनच संप झाला होता. हजेरीच्या पद्धतीत छळ होता, तसे एक स्वातंत्र्यही होते: आजचा मुकादम नको, आजचे घाणेरडे काम नको, तर माणूस फाटकावरून परत फिरू शके. १९४७ मध्ये युद्धकालीन योजना कायम झाली. राष्ट्रीय गोदी कामगार मंडळ स्थापन झाले, त्यावर मालक आणि संघटना यांचे निम्मे-निम्मे प्रतिनिधी, आणि सुमारे ८० हजार मजूर नोंदणीत. शिस्तीची कारवाई आता आपल्याच संघटनेचे लोक मालकांबरोबर बसून करतात, हे मजुराला सहन होईना. १९४८ आणि १९४९ मध्ये गोद्यांत अनधिकृत संप झाले, आणि मजूर पक्षाच्या सरकारने सैनिक पाठवून जहाजे रिकामी करवली. शिवाय १९४७ ची योजना अपुरी होती. मजूर मंडळाचा होता, पण मालक रोज बदलत होता. पूर्ण कायम नोकरी यायला लॉर्ड डेव्हलिन यांचा १९६५ चा अहवाल आणि १९६७ चा सप्टेंबर उजाडावा लागला. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की या संपांचा अर्थ उलटा लावला जातो. त्यांत एकदाही फाटकावरची जुनी हजेरी परत आणा अशी देशव्यापी मागणी झाली नाही. भांडण होते ते शिस्त कोणी लावायची यावर. रिकाम्या दिवसाचे पैसे मजुराने हक्क म्हणून धरले होते, आणि तेवढ्यापुरता बेव्हिन यांचा प्रश्न सुटला होता.

बेव्हिन स्वतः तोवर परराष्ट्र खात्यात होते. मार्शल योजना, नाटो, पॅलेस्टाइनमधले अपयश या गोष्टी मोठ्या आहेत, पण त्यांचे मोजमाप वेगळ्या लेखाचा विषय आहे. १४ एप्रिल १९५१ रोजी ते गेले. त्याच वर्षी १३०५ क्रमांकाचा हुकूमही रद्द झाला.

गोदीचे हे तत्त्व मुंबईपर्यंत आले होते. इथल्या गोदीत टोळीवाल्यांच्या हाताखाली चालणारी रोजंदारी लंडनपेक्षा फारशी वेगळी नव्हती, आणि १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने बंदरांतल्या मजुरांची नोंदणी करून संख्या नियमित करण्याची शिफारस केली होती. ब्रिटिश संसदेने १९४६ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये त्याच नावाचा कायदा केला, आणि १९५१ मध्ये मुंबईची योजना सुरू झाली. ती बेव्हिन यांनी दिलेली देणगी नव्हती. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी इथल्या गोदी कामगारांना बांधले नसते तर कायदा कागदावर राहिला असता. पण नोंदणी, मालकांवर आकार, संयुक्त मंडळ आणि हजेरी भत्ता ही रचना तीच होती. गोदी कामगार मंडळांच्याच धर्तीवर महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मसाला बाजारातला किंवा लोखंड बाजारातला हमाल अनेक व्यापाऱ्यांकडे काम करतो, म्हणून एकही व्यापारी त्याचा मालक ठरत नव्हता. मंडळाने व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेऊन त्याला भविष्यनिधी आणि सानुग्रह रक्कम मिळवून दिली. अनेक मालक आणि एक मजूर हा पेच सोडवण्याची ही रीत आहे, आणि ती गोदीतच सापडली होती.

शेवटचा आक्षेप अर्थशास्त्राचा. ब्रिटनमधल्या गोदी योजनेमुळे जुनी बंदरे महाग झाली, योजनेबाहेरचे फेलिक्स्टो बंदर वाढत गेले, आणि १९८९ मध्ये थॅचर सरकारने योजना मोडीत काढली ते योग्यच झाले, असे म्हणतात. फेलिक्स्टोची वाढ खरी आहे. जादा माणसे ठेवण्याच्या आणि न आलेल्यांच्याही मजुरीच्या तक्रारीत तथ्य होते. पण गोदी कामगारांची संख्या ८० हजारांवरून साडेनऊ हजारांच्या आत आली ती कंटेनरमुळे. योजना नसती तरी ती माणसे जाणारच होती. फरक पडला तो ती कशी गेली यात. फाटकाशी न निवडलेल्या माणसाला एकोणिसाव्या शतकात मालक काहीच देणे लागत नसे. १९८९ मध्ये योजना संपवताना सरकारला कमी होणाऱ्या गोदी कामगाराला ३५ हजार पौंडांपर्यंत मोबदला देण्याची तरतूद करावी लागली.